मुंबई बंदर पाहायचंय? सोमवार सोडून या

पाहुण्यांना एका दिवसात मुंबई दाखवायची असेल, तर सोमवार टाळा. त्या दिवशी घारापुरी बेटावरची (एलिफंटा) लेणी बंद असतात. इतर दिवशी गेटवेवरून तिकडे जाणारी सकाळी लवकरची लाँच पकडा. वरच्या डेकसाठी थोडे जास्त पैसे मोजावे लागतात, पण ते द्याच. तासाभराच्या त्या प्रवासात गेटवे आणि ताज मागे लहान होत जातात, नांगर टाकून उभी असलेली मालवाहू जहाजं जवळून दिसतात. मुंबई हे बंदर आहे, हे खरं कळतं ते पाण्यावरूनच.

बेटावर शंभराहून जास्त पायऱ्या चढायच्या आहेत, म्हणून ऊन तापायच्या आत पोहोचलेलं बरं. खाऊ पिशवीतच ठेवा, माकडं हिसकावतात. मुख्य लेण्यात सुमारे २० फूट उंच त्रिमूर्तीसमोर घाई करू नका. डोळे अंधाराला सरावले की तिन्ही मुखांवरचे वेगवेगळे भाव उलगडतात. शेजारची अर्धनारीश्वर आणि गंगाधर ही शिवाची शिल्पं तर बहुतेक जण नुसता फोटो काढून सोडून देतात, फार वाईट वाटतं.

परतल्यावर संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात, तेव्हा आधी चौकशी करून निघा.