जुन्या मोटरबोटीचं सागवान: वॉर्निश थंडीतच

रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर हिवाळी फेऱ्या मारायच्या तर बोटीच्या लाकडाचं काम नोव्हेंबरातच उरका. नागपूरच्या मे महिन्यात वॉर्निशवर लगेच साय धरते, आतलं टर्पेंटाइन अडकतं आणि बारीक फोड येतात. जुना थर 80 नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषेतच काढा. आडवं घासलंत तर ओरखडे वॉर्निशखालून कायम दिसतात. सागवान मुळात तेलकट, म्हणून आधी थिनरच्या फडक्याने पुसाच. मरीन वॉर्निशचा पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून, दुसरा पाव भाग घालून, पुढचे चार-पाच घट्ट. प्रत्येक दोन हातांमध्ये 220 चा हलका पेपर. फळ्यांची टोकं आणि स्क्रूची भोकं मात्र वॉर्निशने दोनदा भिजवा. पाणी तिथूनच शिरतं, लाकूड तिथूनच काळं पडतं.