द्राक्षाच्या टिश्यू कल्चरमध्ये माध्यम काळं पडतंय? माझा अनुभव

दिंडोरीच्या मळ्यातून आणलेले डॉगरिज खुंटाचे (ज्यावर द्राक्षाचं कलम करतात ती जात) डोळे एमएस माध्यमावर (बाटलीतलं जेलीसारखं पोषक मिश्रण) लावले, की तिसऱ्या दिवशी कापलेलं टोक तपकिरी, आठवड्यात माध्यम काळं आणि डोळा मेलेला. बुरशी नाही, जिवाणूही नाही. ब्लीच वाढवलं, साखर बदलली, हार्मोन कमी केलं, उपयोग शून्य. बाटल्या फेकताना जीव तुटायचा.

दोष जखमेतून झिरपणाऱ्या फिनॉलचा, म्हणजे झाडातल्याच काही रसायनांचा. हवा आणि उजेडात ती काळी पडतात. जमलं ते असं:

खरड छाटणीनंतरची (एप्रिलच्या सुमारास होणारी छाटणी) कोवळी फूटच घेतली, जून काडी नाही. वाहत्या पाण्यात ३० मिनिटं. ७०% अल्कोहोलमध्ये ३० सेकंद, १% हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीच) १० मिनिटं, निर्जंतुक पाण्यात तीनदा धुणं. मग लिटरला १०० मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक व १५० मिलिग्रॅम सायट्रिक आम्लाच्या द्रावणात अर्धा तास. हे द्रावण ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत निर्जंतुक) करू नका, उष्णतेने ॲस्कॉर्बिक आम्ल नासतं, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. आधी मी ते ऑटोक्लेव्हच करत होतो, माझी खरी चूक तीच होती. तुकड्याची दोन्ही टोकं त्या द्रावणातच बुडवून नव्याने कापली, अर्ध्या ताकदीच्या एमएसवर (पीएच ५.८) लावली. ७ दिवस अंधार, २५ अंश. त्यातच तिसऱ्या दिवशी ताज्या माध्यमावर हलवलं.

पंधराव्या दिवशी हिरवे कोंब दिसले.