कॉम्प्युटरच्या आवाजातली घरघर कुठून येते ते कसं शोधायचं

स्पीकरमधून सतत हुंम्म् येतंय, किंवा माउस हलवला की किर्र किर्र ऐकू येतंय, तर लगेच नवीन साउंड कार्ड घ्यायला धावू नका. मी तेच केलं होतं, नवं कार्ड बसवलं आणि घरघर जशीच्या तशी, कारण दोष कार्डात नव्हताच. आधी आवाज कुठून शिरतोय ते पकडायचं, खर्चाचं नंतर बघू.

सुरुवात कानापासून. जाड, एकसुरी गुणगुण असेल तर ती मेन्सच्या विजेची, तुमच्याकडे वीज ५० हर्ट्झची की ६० ची त्यावर तिचा सूर ठरतो, आणि बऱ्याचदा त्याच्या दुप्पट १०० किंवा १२० हर्ट्झपण त्यात मिसळलेलं असतं. पेज स्क्रोल केलं, गेम चालू केला की बदलणारी चिरचिर असेल तर ती कॉम्प्युटरच्या पोटातली, ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर हिसके देत करंट ओढतात आणि ते हिसके ऑडिओच्या ग्राउंडमध्ये (सिग्नलच्या परतीच्या, शून्य व्होल्टच्या वायरीत) झिरपतात. यूएसबीवरच्या डॅकमधून (डिजिटल डेटाचा आवाजाचा सिग्नल करणारी बाहेरची छोटी डबी) बारीक शिट्टी येत असेल तर ती यूएसबीच्या ठेक्याचीही असू शकते, कारण फुल स्पीडला (नावाला फुल, पण हा यूएसबीचा हाय स्पीडपेक्षा हळू प्रकार) डेटाची फ्रेम सेकंदाला १००० वेळा जाते आणि हाय स्पीडला ८००० वेळा, दोन्ही आकडे आपल्या कानाच्या टप्प्यातले. आणि हो, कॅबिनेटला कान लावल्यावर शिट्टी तिथूनच येत असेल तर ती ग्राफिक्स कार्डाची कॉइल थरथरतेय, तिथे ऑडिओची वायर बदलून काहीही होणार नाही.

आता खरी टेस्ट. कॉम्प्युटरमध्ये व्हॉल्यूम शून्यावर आणा, तरी घरघर तेवढीच राहिली तर ती व्हॉल्यूमच्या पुढच्या टप्प्यात शिरतेय. मग स्पीकरचा आवाज कमी करून ऑडिओची पिन कॉम्प्युटरमधून काढा (आवाज कमी नाही केला तर मोठा फटाक् बसतो), आणि तीच पिन चार्जिंगला न लावलेल्या मोबाईलमध्ये घाला. पिन मोकळी ठेवून ऐकू नका, मोकळ्या पिनला बोट लागलं तरी गुणगुण येते आणि उगाच गोंधळ होतो. मी मोबाईल लावला आणि आवाज हळूहळू वाढवत नेला तर स्पीकर एकदम शांत, गाणं स्वच्छ, म्हणजे स्पीकर चांगले, वायर चांगली. लॅपटॉप असेल तर अजून सोपं, चार्जर उपटा, त्याच क्षणी घरघर थांबली तर चोर सापडला.

याला ग्राउंड लूप म्हणतात. कॉम्प्युटर एका सॉकेटवर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या सॉकेटवर, दोघांना अर्थिंग आहे, आणि वर ऑडिओ केबलच्या आतली तारेची जाळी, म्हणजे तिचा ग्राउंड, पण दोघांना जोडते, म्हणजे एक मोठं कडं तयार झालं. दोन अर्थिंगमध्ये काही मिलीव्होल्टचा फरक असला तरी या कड्यातून करंट वाहतो, आणि लाइनचा सिग्नलच मुळात एखाद्या व्होल्टच्या आसपास असतो, त्यामुळे तो फरक सरळ ऐकू येतो.

पहिला उपाय फुकटचा: सगळं एकाच पॉवर स्ट्रिपवर लावा. माझी घरघर इथेच निम्म्याहून जास्त गेली. उरलेल्यासाठी ग्राउंड लूप आयसोलेटर, त्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, सिग्नल चुंबकत्वाने पलीकडे जातो आणि तांब्याचा जोड तुटतो. स्वस्तातल्या आयसोलेटरमध्ये बेस थोडा पातळ होतो, तेवढं लक्षात ठेवा. दोन्हीकडे ऑप्टिकल पोर्ट असेल तर तेच वापरा, प्रकाशातून ग्राउंड जात नाही. स्टुडिओ स्पीकर आणि ऑडिओ इंटरफेस (रेकॉर्डिंगसाठीचं बाहेरचं साउंड कार्ड) असतील तर बॅलन्स्ड केबल, तिच्यात सिग्नल दोन वायरींतून उलटसुलट जातो आणि दोन्हींत सारखी शिरलेली घरघर पलीकडे वजा होते. पण अर्थिंगची पिन तोडायची किंवा टेप लावून बंद करायची आयडिया कोणी दिली तर अजिबात ऐकू नका, घरघर जाईलही, पण आत वायर सुटली तर धातूची बॉडी करंटवर येईल आणि जीव जाऊ शकतो.

चिरचिरवाल्यांनी आधी हेडफोन पुढच्या जॅकमधून काढून मागच्या हिरव्या जॅकमध्ये घालावा. पुढच्या जॅकची बारीक वायर कॅबिनेटच्या आतून, बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाच्या जवळूनच जाते. माइकमध्ये खरखर असेल तर सेटिंगमध्ये माइक बूस्ट बघा, तो २० किंवा ३० डेसिबलवर असेल तर खाली आणा आणि माइक तोंडाजवळ घ्या, आवाजाबरोबर खरखरही तितकीच वाढत असते.

बाहेरच्या डॅकने आतली चिरचिर बऱ्याचदा जाते, पण ग्राउंड लूप तसाच राहू शकतो, कारण यूएसबी केबलमधूनही ग्राउंड जातोच. त्यासाठी यूएसबी आयसोलेटर मिळतो, फक्त घेताना स्पीड तपासा, बरेचसे १२ एमबीपीएसवर थांबतात आणि हाय स्पीड लागणारा ऑडिओ इंटरफेस त्यावर चालतच नाही.