जुन्या वाड्याचा लाकडी सांगाडा रिपेअरच्या आधी कसा तपासायचा
आमचा वाडा जुन्या नाशकात, गोदावरीच्या इतका जवळ की नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती (पूर किती चढला ते हिच्यावरूनच बघतात) बुडायला लागली की आमच्याकडे सामान माडीवर चढवतात. २०१६ च्या पुरानंतर एका कॉन्ट्रॅक्टरने खालच्या भिंतींना सिमेंट प्लास्टर करून दिलं, आणि तीन वर्षांत ओसरीतला सागवानी खांब खालून अक्षरशः पीठ झाला. ओल आत अडकली, बाहेर यायला वाटच नाही. म्हणून हे लिहितेय.

जुन्या वाड्यात मुख्य वजन खांब आणि तुळयांवर असतं, मधल्या भिंती बऱ्याचदा नुसत्या भरलेल्या. इंग्लंडमधल्या जुन्या लाकडी फार्महाऊसचं पण हेच, ओकचा सांगाडा आणि मधे काड्या विणून त्यावर माती, शेण, गवताचा लेप, म्हणजे आपला कूडच की! तिथले सुतार ओक ओला असतानाच कापायचे, मग तो वाळताना आखडायचा, त्यामुळे ती घरं वाकडीतिकडी दिसतात पण शेकडो वर्षं उभी आहेत. आणि त्यांची पण वाट लावली ती सिमेंटनेच. विल्यम मॉरिस या इंग्लिश कवी-डिझायनरने १८७७ मध्ये तिकडे जुन्या इमारतींसाठी सोसायटी काढली, आग्रह हाच की मूळ आहे ते राखा, वेळच्या वेळी डागडुजी करा.

तर तपासणी खालून सुरू करा. खांब दगडी तळखड्यावर बसलेला असतो, तो तळखडा नव्या फरशीखाली गाडला गेलाय का बघा, गेला असेल तर आधी मोकळा करा. मग खांबाच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर टोचा, चांगला साग आत घेत नाही, कुजलेला लोण्यासारखा घेतो. हातोडीने हळू ठोकत वर जा, भद्द आवाज आला की तिथे खडूने खूण करा. उभ्या लांब चिरा दिसल्या तर घाबरू नका, लाकूड वाळताना त्या पडतातच, आडवी चीर मात्र गंभीर. तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक नक्की बघा, सगळ्यात जास्त तिथेच सडतं आणि तिथेच कोणी बघत नाही. वाळवीच्या मातीच्या नळ्या, फुटकी कौलं, हे तर आलंच.

तुळई झुकली असेल तर स्वतः हात लावू नका, जुन्या लाकडाचं काम केलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

खांब खालून गेला म्हणून अख्खा बदलायची गरज नसते हो. दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचे, सडलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापायचा, आणि मुरलेल्या सागाचा तुकडा लांब तिरक्या सांध्याने जोडायचा. आमचा खांब असाच वाचला, वरचं नक्षीकाम जसंच्या तसं आहे. भिंतीचं सिमेंट काढून चुन्याचं प्लास्टर करा, पण दिवाळीनंतर, पावसात चुना धरत नाही. ऑइलपेंट नको, लाकूड पूर्ण वाळलं की एप्रिलमध्ये जवसाचं तेल, पातळ हात, दोनदा, आणि तेलाच्या चिंध्या ढीग करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात, पाण्यात भिजवून टाका.