अनिश्चित प्रणालीसाठी न्यूरल नेटवर्कच्या साहाय्याने रोबस्ट (अनिश्चिततेतही टिकणारे) इष्टतम नियंत्रण

प्रणालीचे गणिती प्रारूप पूर्ण विश्वासार्ह नसते, तेव्हा प्रथम अनिश्चिततेची वरची मर्यादा ठरवावी. उदाहरणार्थ, लंबकाचे घर्षण नेमके माहीत नसले, तरी ते कशाच्या पलीकडे जाणार नाही हे बहुधा सांगता येते. नियंत्रण-आदेश ज्या मार्गाने प्रणालीत शिरतो त्याच मार्गाने ही अनिश्चितताही येत असेल, तर खर्च-फलनात (स्थितीतील विचलन आणि आदेश यांची एकूण किंमत मोजणाऱ्या फलनात) त्या मर्यादेचा वर्ग मिळवावा आणि केवळ अनिश्चितताविरहित प्रारूपाचा इष्टतम नियंत्रक शोधावा. खर्चात आदेशाच्या वर्गाला 1 एवढा भार दिलेला असल्यास हा वाढीव खर्च अनिश्चिततेचा परिणाम भरून काढतो, मूल्य-फलन (दिलेल्या स्थितीपासून पुढे लागणारा किमान खर्च) घटत राहते आणि स्थिरता टिकते.

खरी अडचण मूल्य-फलन ज्यातून मिळते त्या हॅमिल्टन-जॅकोबी-बेलमन समीकरणाची आहे, कारण अरेषीय प्रणालीसाठी ते हाताने क्वचितच सुटते. न्यूरल नेटवर्कचे काम एवढेच, की मूल्य-फलनाचा अंदाज बांधणे. लंबकासाठी कोनाचा वर्ग, कोनीय वेगाचा वर्ग आणि दोहोंचा गुणाकार ही 3 आधार-फलने (ज्यांची भारित बेरीज म्हणजे हा अंदाज) घेऊन सुरुवात करावी, समीकरणात उरणाऱ्या त्रुटीचा वर्ग कमी होईल अशा रीतीने ग्रेडियंट डिसेंटने (त्रुटी घटेल त्या दिशेने छोटी पावले टाकत) त्यांचे भार सुधारत जावेत आणि मूल्य-फलनाच्या उतारावरून आदेश काढावा. शिकताना आदेशात थोडा गोंगाट मिसळावा. अन्यथा लंबक लवकर स्थिरावतो आणि भार अर्धवट शिकून थांबतात. (हा गोंगाट नंतर काढायला विसरणे ही नेहमीची चूक.)

मिळालेले भार रेषीय प्रारूपाच्या रिकाटी समीकरणाच्या (वरील समीकरणाच्या रेषीय प्रणालीसाठीच्या रूपाच्या) उत्तराशी ताडून पाहावेत आणि मगच घर्षण मर्यादेच्या दोन्ही टोकांना नेऊन सिम्युलेशन चालवावे.