शिवजयंतीच्या दुसऱ्या दिवशी मैदानावर डायनासोर कसा आखायचा

१९ फेब्रुवारीला शिवजयंती झाली की शाळेचं मैदान झाडलेलंच असते, थोडीफार फक्की पण उरलेली असते, तं दुसऱ्या दिवशी पोट्ट्यांना घेऊन हे काम नक्की करा. २० फेब्रुवारी १८२४ ला लंडनमधे विल्यम बकलंड या भूशास्त्रज्ञानं मेगॅलोसॉरस जगापुढं मांडला, शास्त्रीय नाव मिळालेला तो पहिला डायनासोर, आणि तोही मांस खाणारा. 'डायनासोर' हा शब्द तं त्यानंतर, १८४२ ला आला.

फक्की, सुतळी, चार खुंट्या आणि टेप लागते, टेप नसली तं गावातल्या मिस्त्रीकडून मागून आणा.

पहिले टी-रेक्स घ्या, दोन पायांवर चालणारा तो मोठा मांस खाणारा डायनासोर. १२ मीटर म्हणजे जवळपास ४० फूट सुतळी ताणून दोन्हीकडं खुंट्या ठोका, एक टोक नाक, दुसरं शेपटी, अन् बरोबर मधात कंबर. कंबरेपासून काटकोनात १२ फूट मोजा, तिथं पाय टेकले. डोकं ५ फूट लांब, हात मात्र ३ फुटांचे, बोटं दोनच. सगळ्यात जास्त चूक शेपटीत होते, जुन्या चित्रांत पाहून पोट्टे ती जमिनीवर फरफटत काढतात अन् अंग उभं करतात, तसं नाही करायचं, तराजूसारखं पहा, एका पारड्यात डोकं, दुसऱ्यात शेपटी, म्हणून दोन्ही सुतळीच्या रेषेतच आडवे पाहिजे.

मंग त्याच्या बाजूलाच आपला राजासॉरस आखा, भारतातला मांस खाणारा डायनासोर, हा मला जास्त जवळचा वाटते. लांबी साधारण २१ फूट, तोंड आखूड, कपाळावर छोटं शिंग. गुजरातमधे बालासिनोरजवळ रहिओलीला त्याची हाडं निघाली, २००३ ला नाव ठेवलं. ती हाडं ज्या खडकात निघाली तो लॅमेटा खडक आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडं पिसदुऱ्यालाही आहे, तिथं झाडपाला खाणाऱ्या मोठ्या डायनासोरची हाडं निघाली, दगड झालेलं शेण पण निघालं, त्या शेणात गवताचे अंश सापडल्याचं २००५ ला छापून आलं, तोवर डायनासोरच्या काळात गवत होतं असं कोणी धरत नव्हतं. लेकरांना हे त्या रेषेत उभं करूनच सांगा, वर्गात सांगून ते कळत नाही, टी-रेक्सच्या डोक्यात पाचवीचं पोरगं झोपवलं की बरोबर मावते तेव्हाच कळते.

कोणाच्या वावरात नांगरताना हाडासारखा दगड निघाला तं फोडू नका, हलवू पण नका, जागेसकट फोटो काढा अन् नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणच्या ऑफिसला कळवा.

झालं की सुतळीच्या गाठी सोडू नका, तशीच गुंडाळून ठेवा. जबलपूरला कॅप्टन स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला १८२८ मधे भारतातली पहिली डायनासोरची हाडं मिळाली होती, २०२८ ला त्याला २०० वर्षं होतात, तेव्हा हीच सुतळी परत लागेल.