फोटो आणि बॉर्डर यांच्यात मोकळी जागा: इनडिझाइनमध्ये बसण्याआधीची तयारी

स्मरणिकेचं किंवा दिवाळी अंकाचं काम घेतलंत की फोटो लावण्याआधी एक आकडा ठरवून टाका: फोटोची कड आणि बॉर्डर यांच्यात किती जागा सोडायची. ए-४ पानावर मोठ्या फोटोला २ मिमी शोभतात, पासपोर्ट फोटोला १ मिमी पुरतो. आकडा आधीच हवा, कारण इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराच्या फ्रेमला (चौकटीला) इनसेट स्पेसिंग, म्हणजे कडेपासून आत जागा सोडायची सोय मिळते, फोटोच्या फ्रेमला मिळत नाही. ही जागा फ्रेमच्या मापातूनच काढावी लागते.

म्हणून पुढचं काम मापाचं. फोटो ८४ × ५६ मिमी आणि जागा २ मिमी, तर फ्रेम ८८ × ६० हवी. इथेच हमखास गडबड होते. फोटो ३:२ आहे म्हणून फ्रेमही ३:२ घेतली जाते, ९० × ६०. मग वर-खाली २ मिमी आणि डावी-उजवीकडे ३ मिमी सुटतात. डोळ्याला खटकतं, पण चूक कुठे ते सापडत नाही. माणसांचे फोटो दहा ठिकाणांहून दहा मापांत येतात, तेव्हा ते सगळे आधी एकाच प्रमाणात कापून घ्या. ८४ मिमी रुंदीला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) साधारण १००० पिक्सेल लागतात; व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो इथेच तपासा.

आता फ्रेम निवडून ऑब्जेक्ट, फिटिंग, फ्रेम फिटिंग ऑप्शन्स उघडा. फिट कंटेंट प्रपोर्शनली घ्या, अलाइन फ्रॉममध्ये मधला बिंदू निवडा आणि क्रॉप अमाउंटच्या चारही खान्यांत -२ मिमी भरा. उणे चिन्ह विसरलात तर फोटो उलट कापला जाईल. फिल फ्रेम प्रपोर्शनली मात्र नको: प्रमाण जरा जरी वेगळं असलं तरी फोटो सोडलेल्या जागेत घुसतो.

बॉर्डरची जाडी आणि तिची बाजूही याच वेळी पक्की करा. ३ पॉइंटची रेघ मध्यावर असेल तर तिचा निम्मा भाग, म्हणजे अर्ध्या मिमीहून थोडा जास्त, आतल्या जागेतून जातो. स्ट्रोक (रेघेच्या) पॅनलमध्ये अलाइन स्ट्रोक बाहेरच्या बाजूला ठेवलात तर २ चे २ मिमी शाबूत राहतात. फक्त शेजारच्या कॉलमला रेघ भिडत नाही ना, ते पाहा. रेघ बारीक असेल तर निव्वळ काळी घ्या. चार रंगांतून बनवलेली बारीक रेघ रजिस्टर, म्हणजे छापताना रंगांची एकमेकांवर बसणी, थोडं हललं की फाटल्यासारखी छापली जाते.

पानाला रंग असेल तर फ्रेमचा फिल (आतला रंग) ‘पेपर’, म्हणजे कागदाचा रंग, करा, नाहीतर फोटोभोवतीच्या जागेत पानाचा रंग दिसेल. कोपरे गोल हवे असतील तर जागा त्रिज्येच्या ३० टक्के तरी हवी. ५ मिमी त्रिज्येला १.५ मिमी. त्याहून कमी ठेवलीत तर फोटोचे कोपरे कापले जातात.

एक फ्रेम मनासारखी जमली की तिची ऑब्जेक्ट स्टाइल, म्हणजे इतर फ्रेमना लावता येणारा सेटिंगचा साठवलेला संच, करा. फिटिंग, स्ट्रोक आणि फिल तिन्ही तिच्यात साठतात, त्यामुळे संपादकांनी आयत्या वेळी २ चे ३ मिमी सांगितले तरी क्रॉपचा आकडा एकाच जागी बदलतो. फोटो मात्र तेवढा लहान होतो, आणि ३:२ फोटोला सगळीकडे सारखे ३ मिमी हवे असतील तर फ्रेमचं मापही पुन्हा मांडावं लागतं. तपासताना डब्ल्यू दाबून प्रीव्ह्यूमध्ये पाहा. साध्या दृश्यात फ्रेमची निळी कडा बॉर्डर समजली जाते, आणि बॉर्डर द्यायचीच राहून गेलेला फोटो तसाच छपाईला जातो.